रिकामा डबा परत देऊ नये

पृथ्वीसाठी माणूस स्वतःच्या खिशातून किती काढायला तयार आहे, यावरून त्याच्या संस्कृतीची उंची मोजावी. हे वाक्य माझं आहे. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्राध्यापकांना त्यांच्या प्रश्नावलीच्या माथ्यावर काहीतरी भारदस्त हवं होतं आणि त्या दिवशी त्यांच्याकडे कचोरी केलेली होती. दोन कचोऱ्यांत असं वाक्य मी कुणालाही लिहून देतो. वर्तमानपत्रात तीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं सुधारली. निवृत्त झाल्यावर स्वतःची बिघडवायला कुणाची हरकत नसते.

प्राध्यापक व्यवस्थापनशास्त्र शिकवतात. जिना चढतानासुद्धा ते मुद्दे मांडत चढतात. त्यांचा त्या वर्षीचा विषय असा होता: मोबाइलवरून जेवण मागवणारा ग्राहक, ते जेवण पर्यावरणाला न दुखवता घरी येणार असेल, तर जादा पैसे देईल का? प्रश्नावलीचं मराठी त्यांनी कुठल्याशा यंत्राकडून करून घेतलं होतं. त्यात 'टिकाऊ अन्न' असा शब्द होता आणि वाचणाऱ्याला वाटलं असतं, की महिनाभर न विटणाऱ्या दशम्यांबद्दल विचारतायत. ते सगळं मी पुन्हा लिहून दिलं. म्हणजे पुढं जे झालं त्यात माझा हात पहिल्या ओळीपासून आहे.

गारखेड्याकडच्या आमच्या सोसायटीत चाळीसेक बिऱ्हाडं. एका रविवारी खालच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावून अर्ज वाटले. प्राध्यापकांनी आधी समुद्रातल्या कासवांवर भाषण केलं. आमच्या शहरापासून समुद्र बराच लांब आहे आणि इथं नळाला पाणी कितव्या दिवशी येणार हे विचारणाऱ्या माणसाला कासवाबद्दल फारशी आस्था नसते. पण सगळ्यांनी चेहरे योग्य तेवढे उतरवले. मग पेनं फिरू लागली.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर पहिल्या मजल्यावरच्या बाई होत्या. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अहो, एका जेवणामागं जादा किती, ते लिहायचंय. पाच लिहू?"

"वर नाव टाकायचंय का?"

"टाकायचंय."

"मग वीस लिही."

अर्ज गोळा झाले. एकूणएक माणूस पृथ्वीसाठी पैसे मोजायला तयार होता. निवृत्तिवेतनावर जगणारे, हप्ते भरणारे, सोसायटीचा देखभाल खर्च दोन-दोन वर्षं थकवणारे, सगळे. प्राध्यापकांचे डोळे पाणावले. मला कचोरी आठवली.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. अशा प्रश्नावल्या आपल्याकडे भरल्या जातात, गठ्ठा बांधून ठेवल्या जातात आणि पुढं त्यावर कुणीतरी कुंडी ठेवतं. बिघडलं ते मी ती बातमी आमच्या गल्लीच्या टोकाच्या गाळ्यात नेऊन सांगितली म्हणून.

त्या गाळ्यात एक बाई स्वयंपाक करायच्या. माहेर सोयगावकडचं, मेंढरं राखणाऱ्या घरातलं. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात, बिऱ्हाड बजाजनगरात. तिथं कामगारांची खानावळ चालवता चालवता त्यांना कुणीतरी सांगितलं, की शहरातले लोक ॲपवरून पिठलं-भाकरी मागवतात आणि हॉटेलच्या भावानं मागवतात. म्हणून त्यांनी आमच्या गल्लीत हा गाळा भाड्यानं घेतला होता. रोज सकाळी स्कूटीवरून यायच्या, दुपारची आणि संध्याकाळची जेवणं पाठवून परत जायच्या. भाकरी, पिठलं, येसराची आमटी, शेंगाची चटणी. त्या गाळ्यात कमी होती ती एका मोठ्या फ्रीजची. मे महिन्यात तिथं सकाळचं दही दुपारी आंबायचं, मळलेली कणीक फसफसायची. फ्रीजसाठी त्यांनी पैसे बाजूला टाकले होते. आता घ्यायचाच, असं त्या दर आठवड्याला म्हणायच्या.

मी सांगितलं, "ताई, आमच्या सोसायटीतली सगळी माणसं प्लास्टिकला कंटाळलीत. चांगल्या डब्यात जेवण आलं तर जादा पैसे देतो म्हणतात."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "म्हणतात का देतात?"

"लिहून दिलंय."

"सही करून?"

"नावासकट."

"मग देतील," त्या म्हणाल्या. "सही केलेला माणूस मागं सरत नाय."

तीस वर्षं वर्तमानपत्रात काढलेल्या माणसानं या वाक्यावर काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात पिठलं होतं.

माझ्याकडून हे ऐकून दुसऱ्या दिवशी प्राध्यापक स्वतः मला घेऊन गाळ्यात गेले. त्यांनी बाईंना 'मॅडम' म्हटल्यावर बाईंनी मागं वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. प्राध्यापकांनी त्यांना योजना समजावली. स्टीलचे डबे घ्यायचे. जेवण त्यातून जाईल. ॲपवरच्या यादीत एक ओळ वाढवायची: स्टीलच्या डब्यात हवं असल्यास दहा रुपये जादा. जेवून झालं की गिऱ्हाइकानं डबा घासून सोसायटीच्या फाटकाजवळच्या क्रेटमध्ये टाकायचा. प्रश्नावलीला प्रत्यक्ष प्रयोगाची जोड मिळाली, तर प्राध्यापकांचा निबंध परदेशातल्या परिषदेत वाचला जाणार होता. बाईंना काय मिळणार होतं, ते त्यांनी 'दीर्घकालीन' असा शब्द वापरून सांगितलं.

"आणि डिपॉझिट?" मी विचारलं. "डबा आला नाही तर?"

यावर प्राध्यापकांच्या आधी बाईच हसल्या. "काका, घरच्या डब्याला कुणी डिपॉझिट घेतं व्हय? कसं दिसंल ते! अन् डबा रिकामा द्यायचा नसतो, ही रीत हाय ना? शेजारणीकडं डबा गेला की ती त्यात काहीतरी घालून देती. मूठभर शेंगा का होईना. डबा येतोच. आमच्यात तर एका डब्याच्या मागं दोन्ही घरची चूल चालती."

रीत मलाही ठाऊक होती. माझ्या आईनंही कधी कुणाचा डबा रिकामा परत केला नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. म्हणून मलाही ते पटलं. चाळीस घरं, नावासकट लेखी, वर शेकडो वर्षांची रीत. याच्यापेक्षा भक्कम तारण बँकेकडेही नसतं.

फ्रीजच्या पैशांतून साठ डबे आले. घ्यायला औरंगपुऱ्यात मीच बरोबर गेलो होतो. भांड्यांच्या दुकानदारानं डबे मांडले, बोटानं वाजवून दाखवले आणि यंत्र पुढं ओढून विचारलं, "नाव काय घालू, ताई? घातलेल्या नावाचे पैसे नाही घेत मी."

बाईंनी प्राध्यापकांना फोन लावला. प्राध्यापक म्हणाले, नाव अजिबात नको. गिऱ्हाइकाला डबा आपला वाटला पाहिजे. आपलेपणाची भावना महत्त्वाची. नावाऐवजी ते हिरव्या पानाचं चित्र असलेलं स्टिकर छापून देणार होते.

दुकानदारानं यंत्र बाजूला सारलं. "बघा बुवा. बिननावाचं भांडं ज्याच्या फळीवर, त्याचं."

"आवो, शिकलेली माणसं हायेत," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणलं," दुकानदार म्हणाला.

हिरव्या पानाचे स्टिकर पहिल्याच घासणीत निघाले. पण ते नंतर.

आधी दहा रुपयांची ओळ यादीत आली आणि पंधरा दिवस तिला कुणी हात लावला नाही. मागणी रोजच्यासारखीच होती, त्याच घरांतून होती, दहा-बारा जेवणं दिवसाला. दहा रुपयांच्या चौकोनापाशी मात्र सगळ्यांची बोटं थबकून परत यायची. वीस रुपये लिहिणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी त्या पंधरवड्यात सहा वेळा जेवण मागवलं, सहाही वेळा प्लास्टिकात. साठ डबे गाळ्याच्या फळीवर चकाकत होते. बाई रोज त्यांच्यावरची धूळ पुसायच्या.

"काका," त्या मला एकदा म्हणाल्या, "काल तुमच्या सरांची ऑर्डर आली. वरण-भात अन् शेंगाची चटणी. डब्याच्या खुणंला त्यांनीबी हात लावला नाय."

मी जिन्यात प्राध्यापकांना गाठलं. ते जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "मी नमुन्यात नाही ना! संशोधकानं स्वतःला नमुन्यात धरलं, तर निष्कर्ष दूषित होतात."

पृथ्वी दूषित झाली तरी चालेल, निष्कर्ष होता कामा नयेत. असो.

मग त्यांनी गाळ्यात जाऊन उपाय सांगितला. लोक तयारच आहेत, फक्त पैशांपाशी अडतायत. तेव्हा पैसे काढून टाकावेत. डबा सगळ्यांना फुकट. बाईंनी विचारलं, मग माझे डब्यांचे पैसे? प्राध्यापक पुन्हा म्हणाले, दीर्घकालीन. आणि जाता जाता असंही म्हणाले, की आता प्लास्टिकचे डबे आणि पिशव्या गाळ्यात दिसायलाच नकोत, तरच प्रयोग शुद्ध राहील. बाईंनी प्लास्टिकचा उरलेला माल व्यापाऱ्याला परत दिला. मी तिथंच बसलो होतो. या वेळी माझ्या तोंडात काही नव्हतं, तरी मी गप्प राहिलो. प्राध्यापक इतक्या खात्रीनं बोलत होते, की मध्ये बोलणारा माणूस अडाणी दिसला असता, आणि अडाणी दिसण्याची मला तीस वर्षांपासून भीती आहे.

फुकट म्हटल्यावर सोसायटीत पर्यावरणाची जी लाट आली, तशी मी कधी पाहिली नाही. एरवी आठवड्यात एकदा मागवणारी घरं तीनदा मागवू लागली. आमच्याकडेही मागवलं गेलं. आमची ही म्हणाली, डबे जाडजूड आहेत, झाकणं घट्ट बसतात. दोन सोडून सगळे डबे तीन दिवसांत बाहेर पडले. चौथ्या दिवशी सकाळी बाई क्रेट बघायला फाटकापाशी आल्या. क्रेट पालथा होता आणि त्यावर वॉचमन बसला होता.

"दादा, डबे?"

"कसले डबे?"

"ह्यात टाकायला सांगितल्यालं."

वॉचमननं उठून क्रेट सुलटा केला, आत पाहिलं, पुन्हा पालथा घातला आणि त्यावर बसला. "कुणी नाही टाकला, मावशी. मी काय खुर्ची म्हणून आणलाय का हा? रिकामाच होता."

गाळ्यात त्या दिवशी दोनच डबे उरले होते. त्या दोन्हींतून जेवणं गेली. पुढच्या मागण्या बाईंना नाकाराव्या लागल्या, कारण आमटी ओंजळीत पाठवता येत नाही. दोन-तीन मागण्या नाकारल्या, की ते ॲप दुकानाला यादीत खाली ढकलतं. आणखी नाकारल्या की इतकं खाली, की आपलं दुकान आपल्यालाच सापडत नाही. बाईंना ते ठाऊक होतं. फ्रीजचे पैसे डब्यांत, डबे चाळीस घरांत. डबे आले तर गाळा चालणार, नाहीतर महिनाअखेरीला कुलूप, इतका तो साधा हिशेब होता.

त्या मला म्हणाल्या, "काका, चला माझ्यासंगं. तुमच्या वळखीचे लोकं हायेत. मी एकटी मागाय गेले तर चोराच्या उलट्या बोंबा व्हतील."

आम्ही दुपारी चारला सुरुवात केली. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी दार अर्धं उघडलं.

"डबा होय? देणारच होते हो. पण रिकामा कसा द्यायचा? म्हटलं काहीतरी गोडधोड केलं की घालून देऊ."

"नाय ताई, मला रिकामाच चालंल."

"छे! तुम्हाला चालेल, आम्हाला कसं चालेल? लक्ष्मी जाते घरातली." एवढं बोलून त्या आत गेल्या. आतून झाकण पडल्याचा आवाज आला, कशाततरी काहीतरी ओतल्याचा आवाज आला आणि त्या एक डबा घेऊन बाहेर आल्या. आत दोन चमचे साखर. "घ्या."

"तीन हुते, ताई."

"तीन? एकच. हे बाकीचे आमचे. आमच्याकडे अशाच डब्यांचा सेट आहे."

डब्यावर नाव नव्हतं. स्टिकर धुऊन गेला होता. गाळ्यातल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी पायरीकडे पाहिलं.

दुसऱ्या मजल्यावर एका गृहस्थांनी दारातच आवाज चढवला. "म्हणजे आम्ही डबे चोरले असं म्हणायचंय तुम्हाला? दोन दमड्यांच्या डब्यासाठी दारावर येता? मी आत्ता ॲपवर लिहितो." आणि त्यांनी लिहिलंही: जेवण ठीक, मालकिणीची वागणूक उद्धट, एक तारा. त्या मालकिणीनं तोवर फक्त नमस्कार केला होता.

समोरच्या दारात म्हणाले, आज अमावस्या आहे, आज घरातली वस्तू बाहेर देत नाहीत. तिसऱ्या मजल्यावर एका सूनबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, की त्यातला एक डबा शाळेत जातो, एक सासऱ्यांच्या औषधांना आहे आणि एक गावी गेला, लोणचं घेऊन. तिनं दोन रिकाम्या पिशव्या देऊ केल्या. प्लास्टिकच्या.

प्राध्यापकांचं दार वाजवलं. त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, साहेब निबंध लिहितायत, नंतर या.

जिन्यात बाई थांबल्या. दोन हातांत दोन पिशव्या होत्या, त्यात मिळालेले डबे, प्रत्येकात कुणाची साखर, कुणाचे चार शेंगदाणे, एकात एक केळं. त्या म्हणाल्या, "आमच्यात मेंढराच्या पाठीवर रंग मारल्याबिगर कळपात सोडत नाय, काका. आजा सांगायचा, रंग नाय मारला तर ते देवाचं मेंढरू, ज्याला घावलं त्याचं. अन् मी साठ डबे सोडले, नुस्ते. औरंगपुऱ्यातला त्यो यंत्र घेऊन हुबा हुता."

"चूक प्राध्यापकांची आहे," मी म्हणालो.

"त्यांची कशी? त्ये डबे त्यांनी घेतले व्हय? पैकं माजं." जिन्याच्या खिडकीतून त्यांनी बाहेर थुंकल्यासारखं केलं, पण थुंकल्या नाहीत. "रीत तीच हाय बघा. गावाकडं रिकामा द्यायचा नाय म्हणून लोकं भरून देतात. इथं रिकामा द्यायचा नाय म्हणून देतच नायत. लई हुशार लोकं."

रीत तीच, हे मला तोवर सुचलं नव्हतं. मी त्यावर एक चांगलं वाक्य करू शकलो असतो. केलं नाही, एवढं त्या दिवसाबद्दल माझ्या बाजूनं सांगता येईल.

चोवीस डबे मिळाले. ते घेऊन त्यांनी आणखी आठ दिवस गाळा रेटला आणि परत पाठवलेलं प्लास्टिक चढ्या भावानं पुन्हा आणलं. पण ॲपनं त्यांना खाली ढकललंच होतं, आणि एक तारा देणारे गृहस्थ एकटे राहिले नव्हते. अमावस्येवाल्यांनीही तारा दिला होता, अमावस्या संपल्यावर. फ्रीज नसल्यानं दही रोज फेकायचं. महिनाअखेरीला त्यांनी गाळा सोडायचं ठरवलं.

शेवटच्या दिवशी मी गेलो, तर त्या कढईत रवा भाजत होत्या.

"हे काय?"

"साखर आलीया ना सगळ्यांची. अर्धा किलो भरली, कमी पडंल ती माजी घालीन. दुसऱ्याची साखर ठिवून काय करू? शिरा करून पाठवते समद्यांला."

"कशातून?"

"प्लास्टिकात," त्या म्हणाल्या. "त्ये बी परत मागणार नाय म्हणावं. ठिवून घ्या."

चाळीस घरांना शिरा गेला. सगळ्यांनी तो खाल्ला. पहिल्या मजल्यावरच्या बाई मला म्हणाल्या, "वेलची थोडी कमी होती, पण बाई मनाची चांगली." प्लास्टिकचे ते डबे घासूनपुसून फ्रिजरमध्ये मटार ठेवायला कामी आले. आमच्या लोकांना एकदाच वापरून फेकणारे म्हणणं हा अन्याय आहे. आम्ही काहीच फेकत नाही, विशेषतः दुसऱ्याचं.

बाई बजाजनगरात परत गेल्या. जुनीच खानावळ पुन्हा चालते. मी एकदा मुद्दाम जेवून आलो. तिथं पाळी सुटली, की कामगार ओळीनं उभे राहतात. प्रत्येकाच्या हातात आपापला डबा असतो, झाकणावर नाव घातलेलं. डबा पुढं करायचा, भरून घ्यायचा, उद्या घासून पुन्हा आणायचा. याला ते पर्यावरण वगैरे काही म्हणत नाहीत. मोठा फ्रीज तिथंही नाही. बाईंनी मला ओळख दाखवली, दोन भाकरी वाढल्या आणि पैसे घेतले. ते बरं वाटलं.

प्राध्यापकांचा निबंध परिषदेत वाचला गेला. ग्राहक जादा मोजायला तयार आहेत, असा निष्कर्ष आहे. प्रत्यक्ष प्रयोगात सहभाग उत्साहपूर्ण होता, असंही एक वाक्य आहे. सुरुवातीला संस्कृतीच्या उंचीचं माझं वाक्य इंग्रजीत घातलं आहे. परत आल्यावर त्यांनी मला एक परदेशी चॉकलेट दिलं.

त्या दुपारी आम्ही सोसायटीतली सगळी दारं वाजवली, एक सोडून. मी बाईंच्या बरोबरच होतो, तेव्हा माझं दार वाजवायचं कुणाला सुचलं नाही, आणि मीही सुचवलं नाही.

आमच्याकडे त्यातले चार आहेत. एकात मोहरी आहे, एकात जिरं, एकात साबुदाणा. चौथ्याचं झाकण सापडत नाही.